स्तनाचा कर्करोग आणि मातृत्व : एका निषेधाचा इतिहास



पुण्यांत स्वारगेटवरून दक्षिणेकडे निघालें म्हणजे गुलटेकडीचा घाऊक बाजार मागें टाकून आपण बिबवेवाडींत येऊन पोंचतों. एके काळीं शहराच्या हद्दीबाहेर वसलेलें हें खेडें आज दाट वस्तीचें उपनगर झालें आहे. येथें कामगार विमा योजनेचें रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने आहेत, सूतिकागृहें आहेत. येथल्या एखाद्या गल्लींत राहणारी एक तरुण स्त्री आपण क्षणभर डोळ्यांसमोर आणूं. तिचें वय ३२. दोन वर्षांपूर्वीं तिच्या स्तनांत गांठ आढळली. शस्त्रक्रिया झाली, औषधें झालीं, किरणोपचार झाले, गेलेले केसहि पुन्हां आले. शेजारच्या घरीं डोहाळजेवण आहे आणि तिला आमंत्रणहि आहे. परंतु ओटी भरण्याची वेळ येतांच आपल्याकडे वळलेल्या नजरा तिला कळतात. घरीं परतल्यावर सासूबाई मायेनेंच म्हणतात, "जीव वांचला हेंच पुष्कळ, बाई. आतां मुलाचा विचार मनांत आणूं नकोस." ही स्त्री माझ्या कल्पनेंतली आहे, सासूबाईंचें वाक्य मात्र कल्पनेंतलें नव्हे.

हें वाक्य आलें कोठून? सासूबाईंनीं तें आपल्या पदरचें सांगितलेलें नाहीं. तें त्यांच्यापर्यंत डॉक्टरांच्या तोंडून आलें, आणि डॉक्टरांपर्यंत तें वैद्यकाच्या एका दीर्घ परंपरेनें आणून पोंचविलें. स्तनाच्या कर्करोगांतून बरी झालेल्या स्त्रीनें आई होऊं नये, हा निषेध कोठें जन्मला, कशाच्या बळावर टिकला आणि कोणत्या पुराव्यानें ढळला, तें आज आपणांस सांगावें असें मीं योजिलें आहे.

प्रथम एक जुनी नोंद पाहूं. अठराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील पादुआ येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनीं असें लिहून ठेविलें कीं, मठांत राहणाऱ्या जोगिणींमध्यें स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षां अधिक आढळतो. अपत्य न होणें आणि हा रोग यांचा कांहीं संबंध असावा, हें त्या काळींच नजरेस आलें होतें. पुढें हीच गोष्ट मुंबईंत निराळ्या रूपानें दिसली. १९६३ सालीं डॉ. जस्सावाला यांच्या प्रयत्नानें मुंबईंत कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. सत्तरीच्या दशकांत पुण्याचेहि आंकडे गोळा होऊं लागले. मुंबईच्या नोंदींत पारशी स्त्रियांमध्यें या रोगाचें प्रमाण इतर समाजांहून बरेंच जास्त निघालें, आणि उशिरां होणारीं लग्नें व थोडीं मुलें हें त्याचें एक कारण म्हणून पुढें मांडण्यांत आलें. १९७० सालीं ब्रायन मॅकमहॉन व त्यांचे सहकारी यांनीं अनेक देशांतील आंकडे एकत्र करून दाखविलें कीं, पहिलें अपत्य जितक्या लहान वयांत होतें तितका पुढील आयुष्यांत हा रोग होण्याचा संभव कमी.

मग साहजिकच प्रश्न उभा राहतो. ज्या घटनेनें निरोगी स्त्रीस कालांतरानें संरक्षण लाभतें, तीच घटना रोगांतून उठलेल्या स्त्रीस घातक कां मानली गेली? त्याचें उत्तर मिळण्यासाठीं आपणांस स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं जावें लागेल.

तेथें जॉर्ज बीटसन नांवाचे शस्त्रवैद्य होते. स्तनांत दूध कसें उत्पन्न होतें, याचा त्यांनीं तरुणपणीं अभ्यास केला होता. गाईचें दूध आटूं नये म्हणून तिचे बीजकोश काढून टाकण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, हें त्यांच्या कानीं आलें होतें. बीजकोश पोटांत आणि दूध स्तनांत. या दोहोंमध्यें मज्जातंतूंचा संबंध दिसत नसतां एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो, हें त्यांच्या मनांत घोळत राहिलें. १८९५ सालीं, शस्त्रक्रियेनंतर छातीवर रोग पुन्हां पसरलेल्या एका तरुण स्त्रीचे बीजकोश त्यांनीं काढले, आणि कांहीं महिन्यांत त्या गांठी विरघळून गेल्या. १८९६ सालीं ही हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली. तो रोग कायमचा गेला नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं ती स्त्री दगावली. तथापि या रोगाच्या कांहीं प्रकारांस स्त्रीच्या बीजकोशांतून पोषण मिळतें, हें मोठें सत्य हातीं आलें.

या पोषणाचें नांव पुढें कळलें. १९२३ सालीं अमेरिकेंत एडगर ॲलन व एडवर्ड डॉयझी यांनीं बीजकोशांतील अंतःस्रावाचा, म्हणजे ज्यास आपण हॉर्मोन म्हणतों त्याचा, माग काढला. १९३२ सालीं पॅरिस येथें आंत्वान लाकासान्य यांनीं हा स्राव टोंचून उंदरांमध्यें स्तनाचीं अर्बुदें उत्पन्न करून दाखविलीं. आतां अनुमान सोपें झालें. गर्भारपणांत या स्रावांचा शरीरांत पूर येतो. तेव्हां एकदां कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीनें गर्भ धारण करणें म्हणजे विझत आलेल्या आगींत तेल ओतणें होय. अनुमान तर्कशुद्ध होतें. त्यास फक्त प्रत्यक्ष पुरावा नव्हता.

त्यांतच आणखी एक घोटाळा झाला. १९४३ सालीं न्यूयॉर्कचे कुशमन हागेन्सेन व आर्थर पर्डी स्टाउट यांनीं कोणत्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करूं नये याची एक यादी प्रसिद्ध केली. गर्भारपणांत किंवा अंगावर पाजण्याच्या काळांत उद्भवलेला स्तनाचा कर्करोग त्यांनीं या यादींत घातला. त्यांच्या हातच्या अशा रुग्ण स्त्रियांची गत फारच वाईट झाली होती. गर्भारपणीं स्तन भरून येतात, त्यामुळें गांठ उशिरां लक्षांत येते, आणि लक्षांत आली तरी ती दुधाची असेल म्हणून सोडून दिली जाते. या विलंबाचा त्या वाईट परिणामांत मोठा वांटा होता. शिवाय गर्भारपणांत झालेला रोग ही एक गोष्ट, आणि रोग बरा झाल्यावर कांहीं वर्षांनीं आलेलें गर्भारपण ही अगदींच निराळी गोष्ट. परंतु व्यवहारांत या दोहोंची गल्लत झाली आणि पहिलीचें भय दुसरीच्या माथीं बसलें. पुन्हां गर्भ राहूं नये म्हणून बीजकोश काढण्याचा किंवा किरणांनीं निकामी करण्याचा सल्लाहि त्या काळीं दिला जात असे.

आपल्याकडे हें ज्ञान कोणत्या वेळीं आलें तें पाहा. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. त्यांचे पति सर दोराबजी हे पुढील वर्षीं वारले, आणि त्यांच्या नांवच्या न्यासानें हें रुग्णालय उभारलें. म्हणजे आपल्या प्रांतांत कर्करोगाच्या स्वतंत्र उपचारांस सुरुवात झाली ती हा निषेध ऐन भरांत असतांना. घाट उतरून मुंबईस गेलेली पुण्याकडील स्त्री उपचारांबरोबर हा सल्लाहि घेऊन परतली असल्यास नवल नाहीं. सल्ला देणारे डॉक्टर कांहीं निर्दय नव्हते. रोग उलटलाच तर मागें तान्हें मूल पोरकें होईल, ही काळजी त्यांच्या मनांत असे. परंतु करुणेपोटीं दिलेला सल्ला खरा असतोच असें नाहीं. तो खरा आहे कीं नाहीं हें मोजूनच पाहावें लागतें.

मोजण्याचें काम सावकाश झालें. १९५४ सालीं टी. टी. व्हाइट यांनीं स्तनाचा कर्करोग व गर्भारपण यांविषयीं पूर्वीं प्रसिद्ध झालेले ९२० रुग्णांचे वृत्तान्त व स्वतःचे २२ रुग्ण यांचा एकत्र विचार केला. खरा प्रकाश पडला तो उत्तर युरोपांतील देशांत. कारण तेथें प्रत्येक कर्करोग्याची आणि प्रत्येक जन्माची सरकारी नोंद होते, व या दोन वह्या एकमेकींशीं ताडून पाहतां येतात. १९९४ सालीं फिनलंडमधील रिस्तो सांकिला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उपचारांनंतर बाळंत झालेल्या ९१ स्त्रिया घेतल्या आणि बाळंत न झालेल्या, परंतु वय व रोगाची अवस्था जुळणाऱ्या ४७१ स्त्रियांशीं त्यांची तुलना केली. बाळंत झालेल्या स्त्रियाच अधिक जगल्या होत्या. १९९७ सालीं डेन्मार्कमध्यें ५७२५ स्त्रियांचा असाच शोध घेण्यांत आला. त्यांपैकीं १७३ जणींस उपचारांनंतर दिवस गेले होते, आणि त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण वाढलेलें आढळलें नाहीं.

यावरून गर्भारपण हेंच औषध आहे असें कोणी म्हणूं लागल्यास तें चूक होईल, आणि तो इशारा फिनलंडच्या संशोधकांनीं स्वतःच दिला. आषाढी वारीच्या वेळीं पालखीबरोबर पुण्यावरून पंढरपुरास चालत जाणारे म्हातारे घरीं बसलेल्या म्हाताऱ्यांहून धडधाकट दिसतात. चालण्यानेंच ते धडधाकट झाले असें म्हणतां येत नाहीं. मुळांत धडधाकट होते म्हणूनच ते वाटेस लागले. त्याचप्रमाणें, जिची प्रकृति सुधारली आणि रोग परतला नाहीं, तीच स्त्री मूल होऊं देण्यास धजते. या निवडीस त्यांनीं 'निरोगी मातेचा परिणाम' असें नांव दिलें. तेव्हां या आंकड्यांवरून गर्भारपण उपकारक ठरलें नाहीं. तें अपकारक असल्याचा पुरावा मात्र शोधूनहि सांपडला नाहीं.

इतक्यांत एक नवी अडचण उभी राहिली होती, आणि ती एका अत्यंत उपकारक औषधामुळें. इंग्लंडांत १९६२ सालीं आय. सी. आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेंत डोरा रिचर्डसन या विदुषीनें एक द्रव्य तयार केलें. संततिनियमनाचें औषध म्हणून त्याचा उपयोग होईल अशी अपेक्षा होती. उंदरांत तें उपयोगी पडलें. स्त्रियांत मात्र त्यानें उलट स्त्रीबीज सुटण्यास मदत होऊं लागली. संततिनियमनाच्या कामीं तें निरुपयोगी ठरलें. परंतु बीजकोशांतील स्रावास कर्करोगाच्या पेशींपाशीं अडविण्याचा गुण त्यांत होता. १९७१ सालीं मँचेस्टर येथें मेरी कोल यांनीं स्तनाच्या कर्करोगावर त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि १९७३ सालीं ब्रिटनमध्यें त्यास परवाना मिळाला. तेंच आजचें टॅमॉक्सिफेन. या गोळीनें असंख्य स्त्रियांचे प्राण वांचविले. परंतु ती पांच वर्षें, कधीं दहा वर्षेंहि, घ्यावी लागते. आणि ती चालू असतां गर्भास अपाय होण्याचा संभव असल्यामुळें गर्भधारणा टाळावी लागते. आपल्या बिबवेवाडीच्या स्त्रीचा हिशेब आतां मांडा. तिशींत रोग, त्यापुढें पांच ते दहा वर्षें गोळी. म्हणजे गोळी संपेपर्यंत ती पस्तिशी किंवा चाळिशी गांठणार. निषेधाचे शब्द मागें घेतले गेले तरी कॅलेंडर तोच निषेध करीत राहिलें.

या पेंचावर उपाय शोधण्यासाठीं 'पॉझिटिव्ह' या नांवाची एक चांचणी झाली. बोस्टनच्या डॉ. ॲन पार्ट्रिज या तिच्या प्रमुख. चांचणींत ४२ किंवा त्याहून कमी वयाच्या अशा स्त्रिया घेतल्या, ज्यांचा रोग अंतःस्रावावर पोसणारा, परंतु दूर पसरलेला नव्हता. दीड ते अडीच वर्षें गोळी घेतल्यावर त्यांनीं ती जास्तींत जास्त दोन वर्षें थांबवावी, मूल होऊं द्यावें आणि मग गोळी पुन्हां सुरू करावी, अशी योजना होती. निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. ५१६ स्त्रियांपैकीं ४४ जणींस पुन्हां रोगाचा उपद्रव झाला. तीन वर्षांतील हें प्रमाण शेंकडा ८.९ पडलें, गोळी न थांबविलेल्या पूर्वींच्या तत्सम स्त्रियांत तें शेंकडा ९.२ होतें. गर्भधारणेसाठीं ज्यांची पाहणी झाली त्या ४९७ स्त्रियांपैकीं ३६८ जणींस दिवस गेले, ३१७ जणींस जिवंत अपत्य झालें, आणि एकूण ३६५ बाळें जन्मास आलीं.

हे आंकडे आनंदाचे आहेत, पण त्यांची मर्यादाहि सांगितली पाहिजे. पाहणीचा काळ सरासरी ४१ महिन्यांचा आहे, आणि या प्रकारचा रोग दहा-पंधरा वर्षांनींहि उलटतो. तुलनेसाठीं घेतलेल्या स्त्रिया जुन्या चांचण्यांतील होत्या; चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते. प्रत्येक स्त्रीचा रोग निराळा असतो. म्हणून गोळी थांबविण्याचा निर्णय स्वतःच्या डॉक्टरांशीं बोलल्यावांचून कोणीहि घेऊं नये. बाळांविषयीं म्हणावें तर, आजवर गोळा झालेल्या पुराव्यांत जन्मजात व्यंगांचें प्रमाण लक्षणीय वाढलेलें दिसत नाहीं. दिवसांपूर्वीं प्रसूति होणें, मूल वजनानें कमी भरणें आणि पोट फाडून प्रसूति करावी लागणें या गोष्टी मात्र थोड्या अधिक आढळतात. किरणोपचार झालेल्या स्तनास दूध कमी येतें. दुसऱ्या स्तनावर मूल पाजतां येण्याजोगें असतें.

राहतां राहिली शेवटची, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कर्करोगावरील कांहीं प्रभावी औषधें बीजकोशांतील स्त्रीबीजांचाहि नाश करतात. कांहीं स्त्रियांची पाळी त्यामुळें कायमची जाते. यावर तोड आहे, परंतु ती औषधें सुरू होण्यापूर्वींच करावी लागते. स्त्रीबीज बाहेर काढून, किंवा त्याचा शरीराबाहेर गर्भ करून, तो गोठवून ठेवतां येतो. त्यास साधारणतः दोन आठवडे पुरतात. हें शास्त्र आपल्यास परकें नाहीं. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून शरीराबाहेर गर्भधारणा झालेली मुलगी जन्मली, तेव्हांपासून तें महाराष्ट्रांत रुजलें आहे. २०२१ च्या कायद्यानें या उपचारांस नियम लागले. गोठविलेला गर्भ जास्तींत जास्त १० वर्षें ठेवतां येतो आणि स्त्रीचें वय २१ ते ५० च्या दरम्यान असावें लागतें. आपल्या देशांत हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानानें साधारण दहा वर्षें आधीं गांठतो. म्हणून आपल्या रुग्णांत मूल होण्याच्या वयाच्या स्त्रिया तुलनेनें अधिक. त्यांतील किती जणींना औषध सुरू होण्यापूर्वीं कोणी विचारतें, "बाई, पुढें मूल हवें आहे का?" गांठीचा अहवाल हातीं पडल्यावर घरांतील सर्वजण घाबरलेले असतात, खर्चाची जुळवाजुळव चाललेली असते, आणि या प्रश्नास तेवढे चारच दिवस असतात. तो विचारला गेला नाहीं, तर पुढील सर्व शास्त्र असून नसल्यासारखें. आणि बीज राखण्याचा खर्च गरीब घरास झेपण्याजोगा नसतो, हेंहि विसरून चालणार नाहीं.

मातृत्वाचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रानें पूर्वींहि ऐकला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. या कार्यापायीं त्यांस प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. नको असलेलें मूल स्त्रीवर लादलें जाऊं नये यासाठीं त्यांनीं जन्म वेंचला. त्याच विचाराची दुसरी बाजू अशी कीं, हवें असलेलें मूल केवळ जुन्या भयानें तिला नाकारलें जाऊं नये. आणि तिसरी बाजू अशी कीं, रोगांतून उठलेल्या एखाद्या स्त्रीस मूल नकोच असेल, तर "आतां शास्त्र परवानगी देतें" असें म्हणून कोणी तिच्यामागें लागूं नये.

या इतिहासांत कोणीहि खलपुरुष नाहीं. बीटसन यांचा शोध खरा होता, लाकासान्य यांचा प्रयोग खरा होता, हागेन्सेन यांनीं पाहिलेलें दुःख खरें होतें. चूक झाली ती एवढीच कीं, खऱ्या गोष्टींवरून काढलेलें अनुमान पडताळून पाहण्यापूर्वींच त्याची आज्ञा झाली. आणि ती पडताळून पाहण्यांत अर्धें शतक गेलें. त्या अवधींत किती पाळणे रिकामे राहिले याची नोंद कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं.

बिबवेवाडीच्या आपल्या त्या घरीं आतां पुन्हां जाऊं. सासूबाईंस आपण काय सांगावें? त्यांची माया खरी आहे, परंतु त्यांच्याजवळची बातमी जुनी झाली आहे, एवढें त्यांस आदरानें सांगावें. सुनेस घेऊन डॉक्टरांकडे जावें. तिचा रोग कोणत्या प्रकारचा होता, गोळी किती दिवस झाली, कांहीं काळ थांबवितां येईल का, हें तिच्यासमक्ष विचारावें. आणि मग तिला जो निर्णय घ्यावासा वाटेल तो घेऊं द्यावा. आणि शेजारच्या घरीं पुन्हां डोहाळजेवण निघालें तर ओटी भरण्यास तिलाहि पुढें बोलवावें. तेवढ्यासाठीं कोणत्याहि चांचणीच्या निकालाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.